इस्त्रीच्या खोलीतलं भाषण

५ फेब्रुवारी

प्रिय मौनी,

डॉक्टरांनी घशात आरसा घातला, भिंग लावून बघितलं आणि निकाल दिला: स्वरयंत्रावर गाठी आहेत, दीड महिना तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. मी कागदावर लिहून विचारलं, "शिवी चालेल का?" हसले नाहीत. ताई मात्र दारातच बसून हसली. म्हणाली, "जन्मापासून वाट बघत होते मी या दिवसाची." खालचा सायकलवाला आता माझ्याशी हातवारे करून बोलतो. त्याला वाटतं, मी बहिरीही झाले.

तू तिकडे कारखान्यात लोकांचे कान तपासते आहेस आणि मी इकडे मुकी. फोनवर तू बोलणार आणि मी नुसती श्वास घेणार, याला काही अर्थ आहे का? म्हणून ही पत्रं.

आणि मुकी आहे म्हणून आपल्या कामगार संघटनेच्या बाइंडरने डाव साधला. दोन एप्रिलच्या मेळाव्यात माझ्या भाषणांचं पुस्तक काढायचं म्हणतो. मी आयुष्यात एक भाषण लिहून काढलेलं नाही, तुला माहीत आहे. आता लिहायला बसले तर निम्मं हवेत गेलेलं. तू एकदा ऐकलंस की तुझं पाठ. दूधवाल्याशी झालेलं माझं भांडण तू मला दोन्ही बाजूंनी ऐकवलं होतंस, त्याच्या खोकल्यासकट! तेव्हा जे आठवेल ते लिहून पाठव.

पहिलं भाषण मात्र माझं मी लिहिलं आहे. रंगाऱ्यावरचं. आपल्याच पाट्या रंगवायचा आणि आपल्याच दोन माणसांना संपाच्या आदल्या दिवशी पकडून दिलं, तो. जेवताना इतक्यांदा ऐकवलंय की तुझे कान किटले असतील. लाँड्रीच्या गेटवर त्याला सगळ्यांसमोर उभा सोलला तेव्हाचा शब्दन् शब्द मला आठवतो. पण त्याच्या आधीचं, इस्त्रीच्या खोलीत दार लावून केलेलं, ते तुटक तुटक आठवतं. त्यातले तुकडे मी तुला कधी कधी सांगितलेत, ते तरी जुळव.

पलंगाची तुझी बाजू गार असते. हे बोलून सांगता आलं नसतं, लिहून येतं. बघ, मुकेपणाचा एक फायदा.

तुझी,
तोफ


११ फेब्रुवारी

प्रिय तोफखाना,

शांत झालेली तोफ बघायला मी तिथे नाही, याचं फार वाईट वाटतं.

इथे पत्र्याचे डबे बनतात. यंत्रं सुरू झाली की जेवणाच्या पानावरचा चमचासुद्धा थरथरतो. मला कपाटाएवढी एक बंद खोली दिली आहे. माणसाला आत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. पण कामावरून काढतील या भीतीने लोक ऐकू न येताही बोट वर करतात. काल एका मुकादमाने मी यंत्र सुरू करायच्या आधीच बोट वर केलं. मी म्हटलं, "दादा, अजून आवाज सोडलेलाच नाही." तो ओरडून म्हणाला, "मला आधीपासूनच येतो!" हसू आलं, मग वाईट वाटलं. खोटं बोट मला लगेच ओळखू येतं.

भाषणं वेगळ्या कागदांवर पाठवते आहे. रोज संध्याकाळी गेस्ट हाउसच्या खोलीत बसून लिहिली. इस्त्रीच्या खोलीतलं लिहायला घेतल्यावर थांबताच येईना. त्यातली मधली जागा मला सगळ्यांत आवडते. तू बोलता बोलता थांबतेस, पाणी मागतेस, ते पीत नाहीस आणि मग खालच्या आवाजात म्हणतेस: "बायांनो, खरं सांगू? मला भीती वाटते आहे. घरी जाऊन कडी लावून घ्यावीशी वाटते आहे. पण एकटीने घाबरण्यापेक्षा तुमच्यात उभं राहून घाबरलेलं बरं, म्हणून उद्या मी गेटवर असणार." हे पुस्तकात घालच. तुझी गर्जना लोकांना माहीत आहे, ही जागा माहीत नाही.

घशाला ऊब ठेव. ताईंना नमस्कार सांग. म्हणजे, दाखव.

तुझी,
मौनी


१६ फेब्रुवारी

मौनी,

भाषण मिळालं.

भीतीची ती जागा मी तुला कधी सांगितलेली नाही. कुणालाच नाही. तिची लाज वाटायची म्हणून सांगताना गाळत आले, आणि गाळून गाळून स्वतःच विसरले होते. तुझ्या अक्षरात वाचली तेव्हा आठवली. पाणी मागितलेलंसुद्धा आठवलं.

त्या खोलीत बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. त्यांत तू नव्हतीस. तेव्हा आपली ओळखही नव्हती.

तुला हे कुणी सांगितलं?


२३ फेब्रुवारी

प्रिय,

कुणी सांगितलं नाही. मी ऐकलं.

इस्त्रीच्या खोलीला एका बाजूने लाकडी भिंत होती. तिच्यापलीकडे बटणं लावायची खोली. मी तिथे बसून हॉटेलवाल्यांच्या कोटांना बटणं लावत होते. एक पगार लाँड्री द्यायची. दुसरा सरकारचं एक खातं द्यायचं, ज्याच्या दारावर पाटी नव्हती.

त्याआधी मी एका नाटक कंपनीत पडद्यामागे उभी राहून नटांना वाक्यं पुरवायची. अख्खं नाटक पाठ. एकदा एक गृहस्थ भेटायला आले आणि म्हणाले, "तुमची बुद्धी अंधारात वाया जाते आहे." मला ते कौतुक वाटलं. कारण एवढंच. उपाशी नव्हते, कुणी धमकावलं नव्हतं. असतं तर आज लिहायला सोपं गेलं असतं. त्यांनी शिकवलं की काहीही लिहून ठेवायचं नाही, सगळं डोक्यात आणायचं आणि मोटारीत बसून साहेबांपुढे म्हणून दाखवायचं. त्या दिवशी तुझं भाषण मी असंच म्हणून दाखवलं. त्यात दोन नावं होती. उजाडायच्या आत दोघांना घरातून उचललं.

ती एक जागा मात्र मी गाळली. का, ते तेव्हा कळलं नाही. ती त्यांना द्यावीशी वाटली नाही.

त्यानंतर ती नोकरी सोडली आणि कान तपासायचं शिकून घेतलं. पुढे तुझ्या जाहीर सभेला आले, ती माझी मी. सभा संपल्यावर तुला म्हणाले, "तुमचा आवाज खालच्या पट्टीत जास्त खरा वाटतो." तू म्हणालीस, "खालच्या पट्टीत कधी ऐकलात?" मी विषय बदलला. मला कुणीही पाठवलं नव्हतं. हे तू खरं मानावंस, असा माझा हक्क उरलेला नाही.

रंगाऱ्याने काहीही केलं नव्हतं. मला हे पहिल्यापासून माहीत होतं. तू जेवताना त्याची गोष्ट सांगायचीस आणि मी तुझ्यापुढे मीठ सरकवायची. आज सांगू, असं दरवेळी ठरवायची. मग तू तुझ्या ताटातला मऊ तुकडा उचलून माझ्या ताटात टाकायचीस आणि माझं धैर्य संपायचं.

इतकी वर्षं एक शब्द निसटू दिला नाही. पण इथे संध्याकाळी खोलीत एकटी असायचे, तुझा आवाज ऐकावासा वाटायचा आणि तू गप्प होतीस. म्हणून मीच तुला म्हणत बसले. सावध राहायचं राहून गेलं.

मौनी


३ मार्च

बाई,

तुम्हाला पत्र लिहायला बसले, यावरून माझ्यात किती लाज शिल्लक आहे ते समजा.

आयुष्यभर सभांमधून मी एकच प्रश्न विचारत आले: त्यांना आपल्या घराची वाट कोण दाखवतं? हात वर करून, मूठ आवळून विचारत आले. आणि घरी येऊन मीच कडी काढत होते, अंथरूण घालत होते, दिवा मालवत होते! मी तापाने फणफणले होते तेव्हा रात्रभर पट्ट्या ठेवणारी ती कोण होती? माझी झोपेतली बडबड कुठल्या मोटारीत म्हणून दाखवलीत? साहेबांना आवडली का? नोकरी सोडली म्हणता. सोडली असेल. मी कशावरून मानू? मला खरं न सांगता माझ्यावर प्रेम करणं हीसुद्धा पाळतच झाली.

हे इथपर्यंत लिहून मला फार बरं वाटलं. मग रंगारी आठवला.

ते दोघे सुटून आले, लोकांनी त्यांना हार घातले. रंगाऱ्याची शिक्षा अजून चालू आहे आणि ती सरकारने दिलेली नाही. मी दिली. ट्रकच्या फळीवर उभी राहून, भोंगा तोंडाला लावून. पुरावा काय होता माझ्याकडे? तो उशिरा आला, लवकर गेला आणि माझ्याकडे सरळ बघेना. पोरांनी त्याच्याच डब्यातला रंग घेऊन त्याच्या दुकानाच्या शटरवर 'गद्दार' लिहिलं. मला येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "बरं केलंत." बायको-मुलं घेऊन तो गाव सोडून गेला, तेव्हा म्हणाले, "बघा, पळाला."

खरं सांगू? मला एक गद्दार हवा होता. संप बुडाला तो आमच्या चुकांनी बुडाला, असं म्हणायची वेळ त्याच्यामुळे माझ्यावर आली नाही. पुढचा प्रत्येक हरलेला लढा मी त्याच्या नावावर खपवला, आणि पुस्तकात पहिला मान त्यालाच देणार होते.

तुम्ही गप्प राहिलात, मी गप्प राहिले नाही. यात मोठं पाप कुणाचं, ते मला ठरवता येत नाही. म्हणून तुमचा जास्त राग येतो.

उत्तर नको.


१२ मार्च

ताईकडून मौनीबाईंना,

मला पत्रं लिहिता येत नाहीत. वॉर्डात होते तेव्हा फक्त तक्ते भरले. चूकभूल समजून घ्या.

तुमच्यात काय झालं ते ही लिहूनही सांगत नाही. ताट तसंच परत जातं. पुस्तकाची भाषणं चुलीत घालायला निघाली होती, मी हात धरला. बाइंडर विचारायला आला तर त्याच्या अंगावर उशी फेकली. डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली तरी ही गप्पच राहील, अशी मला भीती वाटते. हिची बडबड इतकी गोड होती हे मला माहीत नव्हतं.

मी जन्मभर प्रसूतिगृहात नोकरी केली. माणसं एकमेकांची कोण असतात, ते मला बाहेर बाकावर बसलेल्यांच्या तोंडावरून कळतं. तुमच्या खोलीत पलंग एकच आहे, तोही दिसतो. मी कधी विचारलं नाही म्हणून मला कळत नव्हतं, असं नाही. विचारलं असतं तर हिला खोटं बोलावं लागलं असतं.

तुमचा अपराध काय असेल तो असो, मला सांगू नका. पण काहीतरी करा. नुसत्या लांब बसून लाजू नका. त्याने कुणाचं पोट भरत नाही.


३० मार्च

प्रिय,

तू उत्तर नको म्हणालीस. हे उत्तर नाही, निरोप आहे.

रंगारी कुठे राहतो, ते मला माहीत होतं. तो गेला तेव्हाच शोधून ठेवलं होतं. तेवढं कसब होतं, तेवढी हिंमत नव्हती. इथून बसने तासाभरावर ट्रक दुरुस्तीचं मोठं आवार आहे. तिथे तो ट्रकच्या मागच्या फळ्यांवर नंबर रंगवतो. सुट्टीच्या दिवशी गेले.

म्हणाला, "बसा. तिथे नको, ओला आहे." मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने हातातला आकडा पुरा केला, ब्रश तेलात बुडवला, पुसला. मग म्हणाला, "झालं? हलकं वाटलं असेल तुम्हाला."

मग पुढच्या फळीकडे वळत म्हणाला,

"मी नव्हतो हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे, बाई. तुम्ही नवीन काय सांगितलंत?"

मी म्हटलं, मी सगळ्यांसमोर कबूल करायला तयार आहे. मेळाव्यात, मंचावर, म्हणाल तिथे. तो पहिल्यांदा हसला. "मंच नको. त्यांचा मंच माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, मीच रंगवला होता. माझ्या घरी या. बायकोसमोर बोला. तिला माहेरच्यांनी तोडलं, भावाच्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा दिलं नाही. आणि एकट्या येऊ नका. जिने बोंब मारली होती, तिला घेऊन या."

माझी तयारी आहे. तुझी नसेल तर मी एकटी जाईन आणि बाहेरून परत पाठवलं तर तेही सोसेन.

मौनी


५ एप्रिल

मौनी,

तुझं पत्र मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. आधी पोचलं असतं तरी मी तेच केलं असतं. मला मी माहीत आहे.

पुस्तक थांबवलं. बोलायला डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली होती. तीन वाक्यं ठरवून गेले होते: रंगारी निर्दोष होता, मी पुराव्याशिवाय बोलले, मला लाज वाटते. तिन्ही म्हटली. तिथेच खाली उतरायचं होतं. पण आवाज परत आला होता गं, आणि समोर माणसं होती. चौथं वाक्य आलं. पाचव्याला लय सापडली. सहाव्याला माझा हात आपोआप वर गेला, आणि टाळ्या! उभं राहून टाळ्या वाजवल्या लोकांनी. बायका डोळे पुसत होत्या. "काय मन आहे बाईंचं!" त्याचा संसार उधळला त्याबद्दल मला टाळ्या मिळाल्या. रंगारी आता कुठे आहे, जगतो कसा, हे एकानेही विचारलं नाही.

बाइंडरने मात्र विचारलं, "मग खरा कोण होता?" मी म्हणाले, "ते उकरण्यात आता अर्थ नाही." पुन्हा टाळ्या.

लोकांना तो माझा उदारपणा वाटला. घरी येईपर्यंत मलाही वाटला. तुला वाचवलं, असं स्वतःला सांगत जिना चढले. वर आल्यावर तो एक पलंग दिसला आणि खरं काय ते कळलं. तू माझ्या घरात होतीस, हे लोकांना कळू नये म्हणून मी तोंड मिटलं. हेर घरात होती याचीच लाज असती तर निदान समजण्यासारखं होतं. पण तुझं गुपित मला माहीत नव्हतं तेव्हाही मी तुला लोकांसमोर 'खोलीतली मैत्रीण' म्हणत आले. सरकारला न घाबरणारी मी, सायकलवाल्याला घाबरत होते. तू एक नाव लपवून जगलीस, मी एक माणूस लपवून जगले.

रविवारी सकाळच्या बसने येते. स्टँडवर उभी राहा. तुला माफ केलेलं नाही. करता येईल की नाही, तेही आज सांगता येत नाही. पण त्या दारात तू एकटी जायची नाहीस.

तोफ


११ एप्रिल

प्रिय ताई,

आम्ही दोघी पुढच्या आठवड्यात घरी येतो आहोत. त्याआधी तुला हे कळलेलं बरं.

मी रंगाऱ्याच्या घरी जाऊन आले. मौनी बरोबर होती. लोखंडी जिना, पहिल्या मजल्यावर खोली, दार उघडंच. त्याची बायको कपडे पिळत होती, ओल्या हातांनीच बाहेर आली. तो आत खाटेवर बसून होता. उठला नाही.

मी तिला सांगितलं, "तुमच्या नवऱ्याने काही केलं नव्हतं. मी खोटं बोलले." हळू बोलले, ताई. इतकं हळू की तिने दोनदा "काय?" विचारलं आणि मला ते प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागलं.

"मग कोण होतं?" तिने विचारलं.

मौनी म्हणाली, "मी होते."

तिने मौनीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली. "आणि हिला तुम्ही घेऊन आलात? हिचा हात धरून? ही तुमची कोण?"

तू कधी विचारलं नाहीस ते तिने दारात उभं राहून विचारलं. खाली ट्रकवाले होते, जिन्यात शेजारीण उभी होती. मी म्हणाले, "आम्ही एकत्र राहतो. नवरा-बायको राहतात तशा." शेजारीण दचकलेली मला दिसली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण या वेळी वाटली ती मी सांगितलं याची नव्हती. असल्या दिवशी, असल्या कामासाठी आलेली असताना पहिल्यांदा सांगितलं, याची होती.

ती म्हणाली, "म्हणजे घरचंच माणूस. आता बाहेर कळलं की लोक हिच्यावर थुंकतील. तुमच्यावरही. तेव्हा तुम्हाला कळेल माझं काय झालं ते. त्याआधी कळलं, असं मला म्हणू नका."

आतून रंगारी म्हणाला, "जाऊ दे गं त्यांना."

"जाऊच देतेय," ती म्हणाली. "माझ्या भावाचा पत्ता देते. त्याला हेच जाऊन सांगा, दोघींनी. सगळं. ही तुमची कोण तेही." मग खाली बघितलं. "आणि चपला घाला. आत बोलावलेलं नाही मी."

तेव्हा मला कळलं की आम्ही दोघींनी दाराशी चपला काढून ठेवल्या होत्या.

घालायला गेले तर माझ्या चपलेचा पट्टा लागेना. मौनी खाली बसली. तिने माझा पाय धरून पट्टा लावला, त्या बाईसमोर, शेजारणीसमोर, रंगाऱ्यासमोर. दुसरा पाय मी स्वतःच पुढे केला.